सीमोल्लंघनाची तयारी
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला 'परदेशप्रवासासाठी मोटारसायकलची तयारी' या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले की, बाई, मी स्वतः मोटारसायकलवर बसले ती फक्त मागे, आणि तीही पदर सावरीत. पण त्यांनी ऐकले नाही. 'तुमच्या अंगणात दोन महिने काय चालले होते ते साऱ्या गल्लीने पाहिले आहे. तेच सांगा,' असे त्या म्हणाल्या. तेव्हा तेच सांगते. त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे. तीही सांगणार आहे, कारण ती सांगितली नाही तर बाकीच्या भाषणाला काही अर्थ नाही.

आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे की माझे यजमान धुळ्याला आग्रा रोडच्या मागल्या गल्लीत मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान चालवीत. मी दुकानाचा हिशेब लिहीत असे. पाने, पक्कडी, टायर काढण्याच्या पट्ट्या यांची नावे मला तेव्हापासून पाठ आहेत. ते गेल्यावर दुकान बंद झाले, मी मुलाकडे जळगावला आले, आणि त्यांची हत्यारांची पत्र्याची पेटी माझ्याबरोबर आली. दर खंडेनवमीला मी त्या पेटीची पूजा करीत असे, पण सहा वर्षे ती उघडली मात्र नव्हती.

ती उघडली माझ्या बहिणीच्या मुलीने. ती धुळ्याला शिकवण्याचे काम करते. तिने एक जुनी 'हिमालयन' मोटारसायकल घेतली आणि एका रविवारी माझ्या दारात उभी करून म्हणाली, "मावशी, दसरा झाला की मी हिच्यावरून मुक्तिनाथाला जाणार. काकांची पेटी दे आणि अंगण दे."

मुक्तिनाथ म्हणजे नेपाळात, अन्नपूर्णेच्या पलीकडे. ज्या गंडकीत शाळिग्राम सापडतात, त्या काली गंडकीच्या काठाने वर जावे लागते. आपले जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटरवर. मुक्तिनाथ सुमारे 3,700 मीटरवर. माझी बहीण तर रडायलाच लागली. शेजारच्या आजी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "माय वं, एकली पोर इतली दूर कशी जाई?" आणि खरे सांगायचे तर माझ्याही पोटात गोळा आला.

त्या रात्री मी माझ्या मनाला काही उदाहरणे सांगितली. ती तुम्हालाही सांगते, कारण अशी वेळ कोणाच्याही घरी येईल. आनंदीबाई जोशी 1883 साली वैद्यकी शिकायला अमेरिकेला निघाल्या, तेव्हा निघण्यापूर्वी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालातल्या श्रीरामपूरला, त्यांनी भर सभेत उभे राहून आपण का जातो आहोत ते सांगितले. त्यांना जहाजाने जायचे होते. पण 1934 च्या डिसेंबरात थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोन इंग्रज बायका लंडनहून मोटारसायकलला बाजूगाडी जोडून निघाल्या आणि सहारा वाळवंट ओलांडून 1935 साली आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केपटाऊनला पोचल्या. आपल्या तापीच्या मुखाशी असलेल्या सुरतेच्या डॉ. सारिका मेहता आणि त्यांच्या दोन मैत्रिणी 2019 साली वाराणसीहून लंडनपर्यंत मोटारसायकलने गेल्या. आणि 2023 च्या मार्चमध्ये महाराष्ट्राची रमिला लटपटे ही मुलगी चक्क नऊवारी नेसून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून जगप्रवासाला निघाली. तेव्हा 'बाईने असे कधी केले आहे का?' हा प्रश्न आता विचारण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की, तयारी नीट केली आहे का?

म्हणून मी पेटीची किल्ली दिली. पण अट घातली. म्हटले, "तयारी माझ्यासमोर करायची, आणि प्रत्येक काम तू स्वतः करायचे. जे तुला येथे अंगणात जमणार नाही, ते तिथे पावसात जमणार नाही."

आता तयारी म्हणजे काय ते क्रमाने सांगते.

पहिले काम गाडीचे नव्हे, कागदांचे. गाडी जुनी घेतलेली असली, तर ती आधी आपल्या नावावर चढवून घ्यावी. सरहद्दीवर 'गाडी मामेभावाची आहे' हे सांगून चालत नाही. नेपाळात आपल्याला व्हिसा लागत नाही आणि आपला वाहन परवाना चालतो. मात्र गाडीसाठी सरहद्दीवर जकातीचा परवाना काढावा लागतो. त्याला तिकडे 'भन्सार' म्हणतात, आणि जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांचे पैसे भरावे लागतात. विम्याची गोष्ट तर आपल्यापैकी कोणालाच माहीत नव्हती. आपल्या गाडीच्या विम्याची हद्द भारतापुरती असते. थोडा जादा हप्ता भरून ती नेपाळ, भूतान, बांगलादेश अशा शेजारी देशांपर्यंत वाढवून घेता येते. पण ते आधी, लेखी करून घ्यावे लागते.

त्याहून दूर, इराणकडे वगैरे जायचे असेल, तर प्रकरण मोठे होते. तिथे 'कार्ने' नावाची वही लागते. तिला आपण गाडीचा पासपोर्ट म्हणू या. 'ही गाडी आम्ही तुमच्या देशात विकणार नाही, परत घेऊन जाऊ. न नेल्यास जकात भरू,' अशी ती हमी असते. आपल्याकडे ती मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या संस्थेकडून मिळते, आणि तिच्यासाठी बरीच मोठी रक्कम तारण ठेवावी लागते. प्रत्येक देशात शिरताना एक आणि निघताना एक असे शिक्के तिच्यावर मारून घ्यावे लागतात. निघतानाचा शिक्का राहिला, तर तारण अडकले म्हणून समजा. शिवाय आपल्या आर. टी. ओ. मधून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्यावा लागतो. तो फार तर एक वर्ष चालतो.

हे कागद ठेवायचे कुठे, यावर आमच्या अंगणात बरीच चर्चा झाली. त्या चर्चेचा निकाल एका दुःखद बातमीने लागला. मुंबईचे योगेश आलेकरी 2025 च्या मे महिन्यात मोटारसायकलने निघाले, सतरा देश ओलांडून इंग्लंडात पोचले, आणि ऑगस्टच्या अखेरीस नॉटिंगहॅम शहरात, दिवसाढवळ्या, त्यांची गाडी चोरांनी पळवली. गाडीवरच्या पेटीत पासपोर्ट आणि इतर सामान होते, तेही गेले. पुढे तिथल्याच एका मोटारसायकल व्यापाऱ्याने त्यांना दुसरी गाडी दिली. जगात भली माणसे आहेत ती अशी. पण गाडी देणारा भला माणूस भेटेल. पासपोर्ट देणारा भेटत नाही. म्हणून मूळ कागद अंगावर, एक नक्कल गाडीवर आणि एक नक्कल घरी, असा नियम आम्ही केला. कागदांची पिशवी पोटाशी बांधायची. आपल्या आया-आज्या तीर्थयात्रेला जाताना पैशाचा कसा कमरेला बांधीत, त्यात आणि यात काय फरक आहे?

दुसरे काम गाडीचे. माझे यजमान म्हणत, "लांबच्या प्रवासात गाडी मोठ्या आजाराने बंद पडत नाही, सर्दी-पडशाने बंद पडते." म्हणजे इंजिन सहसा दगा देत नाही, एखादा सैल नट, झिजलेली केबल, ढिली साखळी, घासलेली वायर हीच दगा देतात. म्हणून झिजणाऱ्या वस्तूंची यादी केली. टायर, चेन आणि तिची दाती चाके, ब्रेकचे पॅड, क्लचची केबल, बॅटरी, एअर फिल्टर, चाकांच्या तारा आणि बेअरिंगे. यांतले जे अर्धे झिजले असेल ते बदलायचे. पण यात एक मेख आहे. नवीन भाग निघायच्या आदल्या दिवशी बसवू नये. किमान पाचशे किलोमीटर आधी बसवावा, म्हणजे त्याचा दोष आपल्याच गावात कळतो. आणि काढलेला जुना भाग फेकू नये. तो चालता असेल तर तोच प्रवासातला जादा भाग होतो. जुनी क्लच केबल तिने टाकून दिली नाही. नव्या केबलीच्या बाजूने तशीच वरपासून खालपर्यंत बांधून ठेवली. वाटेत नवी तुटली, तर जुनीची दोन टोके जोडली की दहा मिनिटांत काम झाले!

या गाडीच्या चाकांना तारा आहेत आणि आत ट्यूब आहे. तेव्हा हल्लीच्या स्कूटरींसारखी बाहेरून दोरी खुपसून पंक्चर निघत नाही. चाक उतरवून, टायर उकलून ट्यूब काढावी लागते. पुढचे चाक एकवीस इंची, मागचे सतरा इंची, म्हणून जादा ट्यूबही दोन लागल्या. पहिल्यांदा तिला दोन तास लागले, आणि टायर परत चढवताना पट्टीत नवी ट्यूब चिमटून तिलाच भोक पडले! ती रडकुंडीला आली. मी म्हटले, "आतमध्ये थोडी हवा भरून मग चढव, आणि कडेला साबणाचे पाणी लाव." दुकानात बसून जे नुसते पाहिले होते, ते इतक्या वर्षांनी उपयोगी पडले. तिसऱ्या रविवारी तिने चाळीस मिनिटांत चाक बसवले, तेव्हा ओट्यावर बसलेल्या आपल्या भगिनींनी टाळ्या वाजवल्या.

आता मंडळाने काय केले तेही सांगायला हवे. आपल्या शिवणवर्गाने जुन्या ताडपत्रीच्या सहा पिशव्या शिवून दिल्या. लाल पिशवी हत्यारांची आणि जादा भागांची, निळी कपड्यांची, हिरवी औषधांची, पिवळी पावसाच्या कपड्यांची, आणि दोन खाण्याच्या. रंग अशासाठी की अंधारात, थंडीत, दमलेल्या माणसाला विचार करावा लागू नये. बायकांच्या महिन्याच्या अडचणीचे सामान हिरव्या पिशवीत सगळ्यांत वर ठेवले. डोंगरात दुकान असेलच असे नाही, आणि असल्या गोष्टीची लाज धरून उपयोग नाही.

खाण्याच्या पिशव्या कोणी भरल्या ते विचारू नका. बहिणीने दराबा दिला, मी बिबडे आणि कळण्याचे पीठ, समोरच्या वहिनींनी शेव, कोणी लोणचे, कोणी केळीचे वेफर! साऱ्या गल्लीची माया त्या दोन पिशव्यांत शिरली.

मग चाचणी. पूर्ण सामान बांधून ती एरंडोल, पारोळा करीत धुळ्याला गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. अंगणात उतरली ती गंभीर चेहऱ्याने. म्हणाली, "मावशी, गाडीचा वेग वाढला की हँडल हलके होते. पुढचे चाक जमिनीला टेकले आहे की नाही असे वाटते." तेव्हा आम्ही काट्यावर एकेक पिशवी तोलली. खाणे निघाले साडेनऊ किलो, आणि तेही सगळे मागच्या कॅरिअरवर, चाकाच्या आसाच्या मागे! बैलगाडीत मागे पोती जास्त झाली की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, हे खेड्यात वाढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. मोटारसायकलचे तसेच. म्हणून नियम असा, की जड वस्तू खाली आणि पुढे, हलक्या वर आणि मागे, आणि दोन्ही बाजूंना सारखे वजन.

एल्सपेथ बिअर्ड नावाची इंग्रज मुलगी 1982 साली मोटारसायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. ती वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी होती. सिडनीला तिने कित्येक महिने नोकरी करून पैसे जमवले, आणि सामानाच्या ॲल्युमिनियमच्या पेट्या स्वतः बनवल्या. विकत आणलेल्या पेटीत आपण काहीही भरतो. स्वतः केलेल्या पेटीत काय मावते आणि काय मावत नाही याचा विचार आधीच झालेला असतो.

तेव्हा ठरले की खाणे दीड किलोच न्यायचे. बाकीचे आपण सगळ्यांनी मिळून दसऱ्याला खाल्ले.

आणि आता माझी चूक. निघायच्या आदल्या रात्री सगळे झोपल्यावर मी उठले. माझे बिबडे तिने काढून ठेवले होते, त्याचे मला वाईट वाटले होते. मला वाटले, पोरगी परमुलखात उपाशी राहील. लाल पिशवीत एक छोटी पुडी होती, कापडात गुंडाळलेली. मला वाटले, काढून टाकलेले जुने लोखंड असेल. मी ती काढली आणि तिच्या जागी बिबड्यांची पुडी कोंबली. वजन तितकेच, जागा तितकीच. मी कारभारीण, मला कोण विचारणार?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिने सीमोल्लंघन केले. मुक्ताईनगर, बऱ्हाणपूर करीत ती जबलपूरकडे गेली आणि पाचव्या दिवशी सोनौलीला सरहद्द ओलांडली. रोज रात्री आठ वाजता फोन येई. पोखरा सोडल्यावर दुसऱ्या रात्री फोन आला नाही. माझ्या बहिणीने धुळ्याहून मला अकरा वेळा फोन केला. सकाळी तिचा आवाज ऐकू आला. तातोपानीच्या पुढे, दरड कोसळून चिखल झालेल्या चढावर, ती पडली होती. तिला काही लागले नव्हते; पण गाडी डाव्या अंगावर आपटून क्लचची दांडी मुळापासून मोडली होती.

"दांडी आहे ना तुझ्याजवळ जादा?" मी विचारले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मावशी, लाल पिशवीत होती. तिथे बिबडे निघाले."

भगिनींनो, त्या क्षणी मला धरणीने पोटात घ्यावे असे वाटले. ती रागावली नाही. पोखऱ्याहून जीपवाल्याबरोबर दांडी येईपर्यंत ती घासा नावाच्या गावी दोन रात्री राहिली. तिथल्या घरमालकिणीच्या चुलीवर तिने बिबडे भाजले, सगळ्यांनी खाल्ले, चांगले लागले, असे ती मला हसत सांगत होती. पण मला ते हसू गोड लागले नाही. भन्सारचे दोन दिवस फुकट गेले, तिला पूर्वेकडचा इलामचा चहाच्या मळ्यांचा प्रदेश पाहायचा होता तो राहिला. आणि त्या चढावर ती पाऊण तास एकटी, अंधार पडताना, मोडकी गाडी धरून उभी होती. माझ्या मायेने तिला तिथे उभे केले होते.

आपण बायका पुष्कळदा असेच करतो. मुलांच्या पिशवीत आपल्याला काय द्यायचे आहे ते भरतो. त्यांना काय लागणार आहे ते विचारीत नाही. जो मनुष्य जाणार आहे, पिशवी त्याची. तिच्यात हात घालायचा तर त्याला विचारून. एवढी साधी गोष्ट मला साठीनंतर शिकावी लागली.

ती पुढे मुक्तिनाथाला पोचली. वर हवा विरळ, त्यामुळे इंजिनाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि त्याची शक्ती सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी होते. गाडी धापा टाकत होती आणि तीही, असे तिने सांगितले. तिथल्या एकशे आठ धारांखाली तिने स्नान केले आणि माझ्यासाठी तीर्थ आणले. परतल्यावर पहिल्या दिवशी तिने मला एक गोष्ट दाखवली. हँडलवरच्या दांड्या अगदी करकचून आवळायच्या नसतात. थोड्या अशा ठेवायच्या, की गाडी पडली तर त्या फिरतील, मोडणार नाहीत. म्हणजे चूक काही एकट्या माझी नव्हती, तिचीही थोडी होती, असे तिला सुचवायचे होते. तिचे मन मोठे, म्हणून तिने ते सांगितले. मी मात्र माझा हिस्सा कमी करून घेतलेला नाही.

शेवटी एक सूचना मांडते. आपल्यापैकी निम्म्याहून अधिक भगिनींकडे आज स्कूटर आहे. पण हवा किती असावी, तेल कधी बदलावे, विमा कधी संपतो, हे किती जणींना सांगता येईल? तेव्हा दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी माझ्या अंगणात दोन तासांचा वर्ग भरवावा. पंक्चर, साखळी, ब्रेक आणि कागदपत्रे एवढेच शिकायचे. शिकवायला माझी भाची धुळ्याहून येईल. तिने कबूल केले आहे. आणि माझ्या यजमानांची हत्यारांची पेटी मी आजपासून मंडळाला देत आहे. येत्या खंडेनवमीला तिची पूजा आपण सगळ्यांनी मिळून करू. पण पूजेनंतर ती बंद करून ठेवायची नाही.

मुक्तिनाथाचे तीर्थ दारात ठेवले आहे. जाताना सर्वांनी घ्यावे.